विश्वस्तांच्या हवाली केलेली बेटे



अण्वस्त्रबंदीचा विषय निघाला की बोलणारे बहुधा आकड्यांत शिरतात. कोणत्या राष्ट्राजवळ किती बाँब, कोणाचे क्षेपणास्त्र किती मैल जाते, कोणता करार कोणी मोडला! ते आकडे महत्त्वाचे आहेत. परंतु आज ती वाट सोडून आम्ही आपणांस पॅसिफिक महासागरातील मार्शल बेटांकडे नेणार आहोत. निःशस्त्रीकरण हा मुत्सद्द्यांचा प्रश्न आणि मानवी हक्क हा वकिलांचा, अशी एक वाटणी आपल्या मनात रूढ झाली आहे. ती किती खोटी आहे हे त्या बेटांवर उघड्या डोळ्यांनी दिसते.

ही बेटे म्हणजे समुद्रात ठेवलेली प्रवाळांची कंकणेच. भोवती जमिनीची चिंचोळी पट्टी, मध्ये शांत पाणी, आणि पोटास नारळ, मासळी, नीरफणस व केवड्याच्या जातीचे एक फळ. कोकण-गोमंतकाच्या माणसास ही शिदोरी परकी वाटू नये. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने ही बेटे जपानकडून जिंकून घेतली. १९४६ च्या फेब्रुवारीत एका रविवारी, चर्चमधील प्रार्थना आटोपल्यावर, बिकिनी बेटावरील लोकांपुढे अमेरिकन लष्करी गव्हर्नर उभा राहिला. मानवजातीच्या कल्याणासाठी आणि सर्व युद्धांचा शेवट करण्यासाठी आपण आपले बेट काही काळ सोडाल काय, असे त्याने विचारले. बेटाचा प्रमुख जुडा याने उत्तर दिले की, सारे काही देवाच्या हाती आहे.

ही झाली संमती! वस्तुतः चाचण्यांसाठी बिकिनीची निवड जानेवारीतच जाहीर झालेली होती. निर्णय आधी, विचारणा मागाहून. पुढे हाच प्रसंग चलच्चित्रासाठी कॅमेऱ्यापुढे पुनःपुन्हा वठवून घेण्यात आला. त्या १६७ माणसांना रोंगेरिक नावाच्या लहानशा बेटावर नेऊन सोडले. तेथे अन्न पुरेना. दोन वर्षांत उपासमारीची पाळी आली, तेव्हा त्यांना तेथून उचलले आणि १९४८ च्या नोव्हेंबरात किली बेटावर उतरविले. किलीस मधले शांत पाणीच नाही. लाटा थेट किनाऱ्यावर आदळतात, वर्षाचे कित्येक महिने होडी घालणे कठीण. पिढ्यान्‌पिढ्या आतल्या पाण्यात मासळी धरून जगणाऱ्यांना हे बेट देणे म्हणजे शेतकऱ्यास कातळ वाटून देण्यासारखेच होते.

येथे दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. किलीवर हे लोक उतरल्याच्या पुढच्याच महिन्यात, १० डिसेंबर १९४८ रोजी, पॅरिस येथे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. त्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघणारे शब्द होते, ते जाऊन ‘सर्व मानव’ हे शब्द आले, आणि त्याचे श्रेय भारताच्या प्रतिनिधी हंसाबेन मेहता यांच्या आग्रहास दिले जाते. बडोद्याच्या विद्यापीठाच्या त्या पुढे कुलगुरू झाल्या, हे बडोदेकरांस सांगावयास नको. शब्द व्यापक झाले. परंतु किलीवरचे मानव त्यात धरलेले होते की नाही?

कागदावर धरलेले होते. १९४७ साली ही बेटे संयुक्त राष्ट्रांनी विश्वस्त प्रदेश म्हणून अमेरिकेकडे सोपविली. करारात स्पष्ट लिहिले होते की, रहिवाशांच्या जमिनी त्यांच्या हातून जाऊ देऊ नयेत आणि त्यांच्या आरोग्याचे रक्षण करावे. विश्वस्त हा शब्द आपल्याकडे मोठ्या वजनाचा आहे. दुसऱ्याची ठेव स्वतःच्या वस्तूपेक्षा अधिक जपणारा तो विश्वस्त. या विश्वस्ताने १९४६ ते १९५८ या काळात त्या ठेवीवर ६७ अणुस्फोट केले.

त्यातला सर्वांत मोठा १ मार्च १९५४ चा. सुमारे सहा मेगाटन शक्तीचा अंदाज होता. प्रत्यक्षात १५ मेगाटन निघाली, म्हणजे हिरोशिमाच्या सुमारे हजारपट. वाऱ्यांची दिशा प्रतिकूल होत असल्याची वार्ता स्फोटापूर्वीच्या रात्री अधिकाऱ्यांच्या हाती होती. बिकिनीच्या पूर्वेस शंभरएक मैलांवर रोंगेलाप बेट आहे. १९४६ मध्ये, पुष्कळच लहान स्फोटांच्या वेळी, तेथील लोकांना खबरदारी म्हणून दूर नेले होते. या वेळी कोणी नेले नाही. काही तासांनी आकाशातून पांढरी भुकटी पडू लागली. मुले तीत खेळली. ती पिण्याच्या पाण्यात गेली, अन्नावर बसली. संध्याकाळपर्यंत वांत्या सुरू झाल्या. सुटकेचे जहाज आले ते दोन दिवसांनी, आणि पुढील आठवड्यांत कातडी भाजल्यासारखी सोलून निघू लागली, केस गळू लागले. ‘भाग्यशाली ड्रॅगन’ अशा अर्थाचे नाव धारण करणारी एक जपानी मच्छीमार नौकाही त्या भुकटीत सापडली. तिच्या २३ खलाशांपैकी एक सप्टेंबरात मरण पावला, आणि जपानात अण्वस्त्रविरोधी चळवळीने पेट घेतला.

आमच्या मते या साऱ्या कहाणीतील सर्वांत मोठी गोष्ट स्फोट नव्हे, अर्ज आहे. २० एप्रिल १९५४ रोजी मार्शल बेटांतील शंभरावर लोकांनी संयुक्त राष्ट्रांच्या विश्वस्त मंडळाकडे अर्ज केला. चाचण्या ताबडतोब बंद करा; ते जमणारच नसेल तर आमच्या जीविताची आधी काळजी घ्या, हे त्यांचे मागणे. त्यांनी आणखी एक गोष्ट समजावून सांगितली. जमीन म्हणजे आमच्यासाठी केवळ पीक घेण्याची, घर बांधण्याची किंवा मृतांना पुरण्याची जागा नव्हे. ती गेली की माणसाचा प्राणच जातो. वापरून नापीक झालेल्या भूमीची भरपाई डॉलरांत मोजणाऱ्या सभागृहात हे शब्द किती जणांना कळले असतील कोण जाणे! मंडळाने खेद व्यक्त केला, आणि चाचण्या चालू राहिल्या.

त्याच महिन्यात, २ एप्रिलला, पंडित नेहरूंनी लोकसभेत अणुचाचण्या जेथल्या तेथे थांबविण्याच्या कराराची मागणी केली होती. महासत्तांना मान्य होण्यास नऊ वर्षे गेली. १९६३ च्या मॉस्को कराराने वातावरणातील चाचण्यांवर बंदी आणली, तीही जमिनीखालच्या चाचण्यांना मोकळीक ठेवून.

रोंगेलापकरांचे पुढे काय झाले? १९५७ मध्ये बेट सुरक्षित आहे असे सांगून त्यांना परत नेण्यात आले. अमेरिकन शास्त्रज्ञ दरवर्षी येत, रक्त तपासत, नोंदी घेत. मनुष्यदेहातील किरणोत्सर्गाची मौल्यवान माहिती या वस्तीपासून मिळेल, असे त्यांच्याच अहवालात नमूद आहे. १९५४ मध्ये लहान असलेल्या बहुतेक मुलांच्या कंठग्रंथीत पुढे बिघाड निघाला. बेटाच्या मॅजिस्ट्रेटचा मुलगा त्या दिवशी एक वर्षाचा होता. १९७२ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, तो रक्ताच्या कर्करोगाने गेला. बिकिनीसही काही कुटुंबे परतली होती. नारळातून पोटात गेलेल्या सीझियममुळे १९७८ मध्ये त्यांना पुन्हा हलवावे लागले. शेवटी १९८५ मध्ये रोंगेलापकरांनी सरकारचा भरवसा सोडला आणि ‘ग्रीनपीस’च्या जहाजातून स्वतःच आपले बेट रिकामे केले.

१९८६ च्या करारान्वये १५ कोटी डॉलरांचा निधी देण्यात आला आणि त्याबरोबर सारे दावे मिटले असे लिहून घेण्यात आले. त्याच करारातून निर्माण झालेल्या न्यायाधिकरणाने मंजूर केलेली भरपाई दोन अब्ज डॉलरांच्या वर गेली. निधी आटला, आणि हुकूमनाम्यांचा मोठा भाग कागदावरच राहिला.

आता आमच्या स्वतःच्या देशाकडे येऊ, कारण दुसऱ्याच्या अंगणातला कचरा दाखविणे सोपे असते. २०१४ मध्ये या चिमुकल्या राष्ट्राने नऊ अण्वस्त्रधारी देशांविरुद्ध हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली. त्याने पैसा मागितला नव्हता. निःशस्त्रीकरणाच्या वाटाघाटी करण्याचे कर्तव्य तुम्ही टाळीत आहा, एवढेच त्याचे म्हणणे होते. न्यायालयाचा अधिकार आधीपासून मान्य असलेले तीनच देश निघाले: ब्रिटन, पाकिस्तान आणि भारत. भारताने त्या अधिकारासच हरकत घेतली, आणि ५ ऑक्टोबर २०१६ रोजी, उभयपक्षी वादच अस्तित्वात नव्हता, असे म्हणून न्यायालयाने दावा काढून टाकला. भारताच्या बाबतीत नऊ विरुद्ध सात मतांनी. ज्या भारताने १९९५ मध्ये याच न्यायालयापुढे अण्वस्त्रांचा वापर बेकायदेशीर असल्याचे मत लेखी मांडले होते, तोच हा भारत. चीनने १९६४ साली केलेला स्फोट आम्ही विसरलेलो नाही, आणि १९७४ व १९९८ च्या पोखरणच्या निर्णयांचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. परंतु बाँब बाळगणे अपरिहार्य वाटले म्हणून बाँबाने जळालेल्याचे म्हणणे गुणदोषांवर ऐकूच नये, हे त्यातून निघत नाही.

२०२१ पासून अंमलात आलेल्या अण्वस्त्रबंदी करारात वापर व चाचण्यांच्या बळींना साहाय्य करण्याचे आणि दूषित भूमी सुधारण्याचे कलम आहे. अण्वस्त्रधारी देशांपैकी कोणीही त्यात सामील झालेला नाही, भारतही नाही. समतोल ढळेल, शत्रू टपलेला आहे, ही कारणे शस्त्रे कमी करण्याच्या बाबतीत क्षणभर मान्य करू. पण रोंगेलापची माती तपासण्यास, न्यायाधिकरणाने ठरविलेली रक्कम फेडण्यास किंवा तपासलेल्या माणसांच्या वैद्यकीय नोंदी त्यांच्याच हाती देण्यास शस्त्रागारातला एकही बाँब कमी करावा लागत नाही. मग ही कामे कशासाठी अडली आहेत, हे अण्वस्त्रधारी सरकारांना, आणि सर्वांत आधी आमच्या सरकारला, आम्ही विचारीत आहोत.