यीस्ट कोण टाकतो?



तुम्ही मला दारूबंदीवर बोलायला उभं केलंत. मी गोदीतला हमाल, कविता करतो तो ओव्हरटाईम नसतो तेव्हा. धक्क्यावर एका खलाशानं सांगितलं, कॅनडात म्हणे दुकानात जाऊन आपली दारू आपणच करता येते. मला वाटलं, मारतोय थापा. मग शोधून वाचलं. खरं निघालं.

ब्रिटिश कोलंबिया, ऑन्टारिओ या प्रांतांत अशी लायसनवाली दुकानं आहेत. गिऱ्हाइकानं पैसे आधी भरायचे. द्राक्षाचा रस नाहीतर मॉल्ट निवडायचा. आणि यीस्ट स्वतःच्या हातानं टाकायचं. वाइन असेल तर चार-सहा आठवड्यांनी परत येऊन बाटल्याही त्यानंच भरायच्या. वाइनची एक खेप २३ लिटर, म्हणजे तीसेक बाटल्या. विकायच्या नाहीत. १९ वर्षांखालच्या पोराला हे काम नाही. दुकानात बसून ढोसायची नाही, भरताना चव बघायची तेवढीच.

सगळा कायदा त्या चिमूटभर यीस्टवर उभा आहे. गिऱ्हाइकानं टाकलं की दारू त्याची, घरगुती. दुकानानं फक्त जागा आणि भांडं दिलं. दुकानानंच करून विकली की तो कारखाना झाला. मग कारखान्याचं लायसन, कारखान्याचा कर. तिकडं अमेरिकेत १९७८ साली घरच्या बिअरला केंद्राच्या कायद्यानं मोकळीक दिली. एकट्या माणसाला वर्षाला १०० गॅलन, घरात दोघं प्रौढ असले तर २००. गॅलन, बरं का, पेले नव्हेत.

वाचता वाचता आत्या आठवली. खाडीच्या चिखलात ड्रम पुरलेला. गूळ, नवसागर, पाणी. तिच्याकडं आला तो १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. यीस्ट कुणी टाकलं, असं हवालदारानं कधी विचारलं नाही. आडनाव विचारलं. हप्ता थकला की ड्रम फुटायचा आणि आत्या आत. मळीची देशी मात्र लायसनच्या दुकानात राजरोस मिळत होती. च्यायला, ऊस त्यांचा, मळी त्यांची, आणि गुन्हेगार गुळाचा ड्रम!

पण आत्याला देवी करू नका. माझा बाप हातभट्टीनंच गेला. आणि आत्या नुसतं आंबवत नव्हती, भट्टी लावून ऊर्ध्वपातन करत होती. ते विनालायसन कॅनडातही चालत नाही. २०१५ च्या जूनमध्ये मालवणीत शंभरावर माणसं मेली ती मिथेनॉलनं. कारखान्याचं रसायन ते. मेली कोण? झोपडपट्टीतली, हातावर पोट असलेली.

म्हणून मी म्हणतो, बंदी हवी की सूट हवी हे भांडण नंतर. आधी भांड्यात काय आहे ते तपासणारा माणूस आमच्या वस्तीत पाठवा. आजवर आला तो फक्त भांडं फोडणारा.

आत्या आता म्हातारी झालीय. तिला त्या दुकानांचं सगळं सांगितलं. तिनं ऐकलं आणि विचारलं, "अन् ती भांडी घासतं कोण रं?"

खलाशाला विचारायचं राहिलं. जहाज सुटलं होतं.