आमच्या मुलींचे किती?



अंदाजपत्रक हा आपला विषय नाही, असे बैठकीत पुष्कळजणी म्हणतात. पण घरात पैसा कमी पडला की आधी कुणाची शाळा सुटते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. सरकारचेही तसेच असते.

२०२०-२१ चे केंद्रीय अंदाजपत्रक घ्या. शिक्षण मंत्रालयासाठी सुमारे ९९,३०० कोटी रुपयांची तरतूद होती. कोरोनाने शाळा बंद पडल्या आणि सुधारित आकडा ८५,१०० कोटींवर आला. त्याच वर्षी गलवान घडले; संरक्षणाचा आकडा ४.७१ लाख कोटींवरून ४.८५ लाख कोटींवर गेला. इकडचे काढून तिकडे दिले, असे कागदावर कुठे लिहिलेले नसते. पण थांबायला कुणाला सांगितले, ते आकडे बोलतात.

२००८ साली एक योजना सुरू झाली. दलित-आदिवासी मुलगी नववीत गेली की तिच्या नावावर ३,००० रुपये ठेवायचे. दहावी पास होऊन अठरा वर्षे पूर्ण झाली की ते तिचे. २०२०-२१ मध्ये या योजनेला ११० कोटी होते. पुढच्या वर्षी ठेवले फक्त १ कोटी!

वस्तीत काम करताना मी पाहते, मुलीची शाळा सुटली की लग्नाची बोलणी सुरू होतात. सीमा राखू नका असे आपण म्हणत नाही. पण मुलीची शाळाही राखायलाच हवी. फेब्रुवारीत अंदाजपत्रक आले की आपापल्या मंडळात ते मोठ्याने वाचा आणि खासदारांना विचारा, आमच्या मुलींचे किती?