औषध हाताळणाऱ्या हातांसाठी
(वार्षिक सभेतील भाषण)



दरवर्षी या प्रसंगी आम्ही रुग्णांविषयी बोलतो. आज आपल्या अनुमतीने सलाईन लावणाऱ्या सिस्टरविषयी आणि रुग्णाची चादर उचलणाऱ्या मावशींविषयी बोलणार आहोत.

कर्करोगाचे निदान झाले की जळगाव-धुळ्याच्या माणसाच्या तोंडी पूर्वी एकच शब्द येई : परळ. १९४१ साली तेथे सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयाने खानदेशातील कितीतरी घरांना आधार दिला, आजही देत आहे. परंतु केमोथेरपीच्या प्रत्येक मात्रेसाठी रात्रीच्या गाडीने मुंबई गाठणे सर्वांना झेपत नाही. म्हणून हा उपचार जिल्ह्याच्या ठिकाणी येऊ लागला. औषधाबरोबर त्याचा धोकाही आला, याचे भान मात्र आम्हांला उशिरा आले.

या औषधांतील पहिले, नायट्रोजन मस्टर्ड, १९४२ साली येल विद्यापीठात रुग्णावर वापरले गेले. पहिल्या महायुद्धातील मस्टर्ड वायूच्याच कुळातले ते रसायन. झपाट्याने वाढणाऱ्या पेशींचा नाश करणे हा या औषधांचा गुण. पेशी रुग्णाची की परिचारिकेची, हे त्यांना कळत नाही. नेहमीच्या वापरातील सायक्लोफॉस्फमाइड हे औषधच मानवात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात मोडते. रुग्ण मोठे संकट टळावे म्हणून हा धोका पत्करतो. सिस्टरच्या पदरात असा कोणताच लाभ पडत नाही.

१९७९ साली फिनलंडमधील संशोधकांना ही औषधे हाताळणाऱ्या परिचारिकांच्या मूत्रात जनुकीय बदल घडविणाऱ्या द्रव्यांच्या खुणा आढळल्या. पुढे १९८५ साली त्याच देशातील अभ्यासात, गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ही औषधे हाताळणे आणि गर्भपात यांचा संबंध दिसून आला.

आमच्याकडेही प्रारंभी वॉर्डातल्या टेबलावर, फिरत्या पंख्याखाली औषध कालवले जाई. कुपीत दाब वाढला की सुई काढताना सूक्ष्म तुषार उडतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि साधा मास्क त्यांना अडवीत नाही. कपाशीवर फवारणी करणारा आपला शेतकरी वाऱ्याकडे तोंड करून फवारा मारीत नाही. आम्ही सुशिक्षित माणसे मात्र नेमके तेच करीत होतो. समोरून अंगावर हवा सोडणारे निर्जंतुक कपाटही येथे निरुपयोगी ठरते, कारण त्यात औषध शुद्ध राहते आणि तुषार कामगाराच्या तोंडावर येतात. हवा वरून खाली नेऊन गाळणारे जैवसुरक्षा कपाटच हवे. त्यावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावली तरी ती कोणाला दिसणार नाही, हे प्रांजळपणे सांगतो. त्या खोलीत बाहेरच्यांना प्रवेश नसतो. कपाट एकदाच घ्यावे लागते, हातमोजे मात्र रोज लागतात, तेही दुहेरी. शिवाय उरलेले औषध व रिकाम्या कुपी २०१६ च्या नियमांप्रमाणे खूण केलेल्या पिवळ्या पिशवीतून, १२०० अंश सेल्सिअसहून अधिक तापमानात जाळण्यासाठी पाठवावयाच्या असतात.

आप्तेष्टांनाही एक विनंती. मात्रा दिल्यानंतर साधारण दोन दिवस रुग्णाच्या मलमूत्रात व वांतीत औषधाचा अंश असतो. ते स्वच्छ करताना हातमोजे घालावेत, कपडे वेगळे धुवावेत, शौचालयात झाकण लावून दोनदा पाणी सोडावे. केमोच्या गोळ्या कुटून देऊ नयेत. रुग्णाजवळ बसण्यास, त्याचा हात हाती घेण्यास काहीही हरकत नाही. घाबरून त्याला दूर ठेवू नये.

गर्भवती व स्तनदा परिचारिकांना हे काम दिले जाऊ नये, आणि काम बदलले म्हणून त्यांचे वेतन वा भत्ता कमी होऊ नये, असा ठराव आम्ही आज सभेपुढे मांडीत आहोत. मावशींचा उल्लेख मूळ मसुद्यात राहून गेला होता. तो आता घातला आहे.