स्वागताध्यक्षांचे भाषण : खाडीअलीकडून

ट्रॅफिकमधून वाट काढत आलेल्या डॉक्टर मंडळींनो,

दुर्गाडी पूल ओलांडायला किती वेळ लागला, हे विचारायचे धाडस मी करत नाही. मेट्रोचे काम, गोदामांचे कंटेनर आणि आपली परिषद, तिघांची गाठ आमच्या कोन गावच्या एकाच रस्त्यावर पडली. क्षमस्व.

पण खोळंबलात तेव्हा दुर्गाडी किल्ला पाहिला असेल. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि याच खाडीत स्वराज्याच्या आरमाराची सुरुवात झाली. किल्ला पलीकडे, कल्याणच्या काठावर, कबूल. पाणी आमच्याही काठाला लागते, तेवढा मान आम्ही घेतोच.

त्याच हिशेबाने आनंदीबाई जोशीही आमच्याच. १८६५ साली कल्याणला जन्म, मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टर. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातली नेमणूक हाती होती. रुजू होण्याआधीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, बाविशीही पुरी न झालेली ही मुलगी क्षयाने गेली. कॉख या शास्त्रज्ञाने क्षयाचा जंतू १८८२ मध्येच दाखवला होता. औषधाला पुढची साठ वर्षे लागली. आजची परिषद कल्याणऐवजी कोनला का, असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर एवढेच : पाणी एकच, आनंदीबाईही दोन्ही काठांच्या!

आता तुमचा विषय, क्षय आणि एचआयव्ही. मला समजला तो इतकाच : क्षयाच्या जंतूंना शरीरातल्या पेशी वेढा घालून गाठीत कोंडतात. त्या वेढ्याचा हुकूम सीडी-४ पेशींकडे, आणि एचआयव्ही नेमका त्यांनाच मारतो. उलट क्षयाशी लढायला जाग्या झालेल्या पेशींतच एचआयव्ही जोमाने वाढतो. एचआयव्हीवरच्या एआरटीच्या गोळ्या सुरू झाल्या की परतलेली ताकद कधी कधी क्षयावर अशी तुटून पडते, की ताप चढतो, मानेच्या गाठी सुजतात. रुग्णाला वाटते, गोळ्याच बाधल्या. आमच्या भिवंडीत एकाच खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या यंत्रमाग कामगाराला हे आधी कुणी सांगितले नाही, तर तो गोळ्या टाकून गावची गाडी पकडतो.

व्यवस्थेत उणिवा पुष्कळ आहेत. पंखे आवाज करतात, जनरेटर भाड्याचा आहे, पार्किंग शेतात आहे. मंडप गोदाममालकांनी दिला, पिशव्यांचे कापड कारखानदारांनी; तांदळाच्या भाकऱ्या आणि सुका जवळा बचत गटाच्या ताईंकडून. एका दात्याने फ्लेक्सवर नाव नको अशी अट घातली. आमच्या भागात ही अट मी प्रथमच ऐकली! सर्वांचा ऋणी आहे.

एकच विनंती. ठराव कराल तेव्हा या कामगारांसाठी एआरटीच्या गोळ्यांची माहिती मराठीबरोबर हिंदी, उर्दू आणि तेलुगूतही छापण्याचा एक करा. छपाईचा खर्च स्वागत समिती देईल.