नाव आणि ठिकाण



वाचक पुस्तक नावाने मागतो. कपाटापाशी जाणारा सेवक मात्र ते क्रमांकाने शोधतो. संगणकातील फाइलींची व्यवस्था याच भेदावर उभी आहे. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ज्या युनिक्स प्रणालीचा पाया घातला, तिच्यात फाइलीचे नाव फाइलीपाशी नसतेच. आकार, मालकी, मजकुराची तबकडीवरील जागा हे सारे 'आयनोड' नामक क्रमांकित नोंदीत असते. निर्देशिका म्हणजे केवळ नाव व क्रमांक यांच्या जोड्या. एके काळी अशा प्रत्येक जोडीस १६ बाइट मिळत : २ क्रमांकाला, १४ नावाला. एकाच ग्रंथाची लेखकपत्र, शीर्षकपत्र व विषयपत्र अशी अनेक पत्रे तालिकेत असावीत, तशी एका फाइलीला अनेक नावे असू शकतात. शेवटचे नाव पुसले, आणि ती कोणी उघडून बसलेले नसले, म्हणजेच तिची जागा मोकळी होते.

१९८१ च्या एमएस-डॉसने नावाला आठ आणि प्रकारदर्शक शेपटाला तीन अक्षरे दिली. आठ रोमन अक्षरांत 'ज्ञानेश्वरी' मावत नाही! १९९५ च्या विंडोजने ही मर्यादा सैल केली आणि पुढे युनिकोडमुळे नाव देवनागरीत लिहिता येऊ लागले. लिनक्सवर मात्र नावाला सामान्यतः २५५ बाइटच असतात आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. काना, मात्रा, हलन्त स्वतंत्र मोजले जात असल्याने 'ज्ञानेश्वरी' ३३ बाइट व्यापते.

खरी अडचण 'वऱ्हाड' या शब्दात आहे. त्यातील अर्धा र सलग ऱ घेऊन लिहिता येतो, र खाली नुक्ता देऊन लिहिता येतो, किंवा हलन्तापुढे अदृश्य जोडचिन्ह ठेवूनही. पडद्यावर तिन्ही रूपे बहुधा सारखीच दिसतात. बाइट ताडून पाहणाऱ्या प्रणालीला मात्र ती तीन निराळी नावे होत. ग्रंथ संग्रही असून वाचकास 'नाही' असे उत्तर मिळते. युनिकोडचे प्रमाणीकरण पहिली दोन रूपे एक करते. तिसरे तसेच राहते.

म्हणून जुन्या ग्रंथांच्या प्रतिमा साठविताना फाइलीस दाखल क्रमांकाचे नाव द्यावे आणि मराठी शीर्षक, एकच लेखनरूप ठरवून, तालिकेत नोंदवावे. ही मराठीची माघार नव्हे. जुन्या दाखल नोंदवहीचीच ती रीत आहे.