पाटा तुटला, आता काय बदलायचं?

आमच्या गटाचा भाजीचा टेम्पो महिनाभर एका बाजूला कलून चालत होता. मिस्त्री म्हणाला, "ताई, मागचं सगळंच नवं टाका." बैठकीत दोन तट पडले. मग आम्ही चौघी गॅरेजात गेलो आणि गाडी उचलून एकेक भाग दाखवायला लावला.

थप्पीतला एकच पाटा तुटला होता. तेवढाच नवा घालता येतो, बसलेल्या पाट्यांना पुन्हा कमानही देता येते. तुटलेल्याला वेल्डिंग मात्र करू नका. पोलादाचं पाणी उतरतं आणि तो शेजारीच पुन्हा मोडतो. रबरी बुश झिजले तर बदलायचेच, त्यात कंजुषी नको. शॉकअबमधून तेल गळत असेल तर नवे घाला, तेही डावा-उजवा जोडीने. आणि पुढच्या चाकाचा बॉल जॉइंट खिळखिळा असेल तर एकही फेरी करू नका, चाक निखळू शकतं.

आमचं एक पाटा आणि बुशांवर भागलं. जुने भाग मागून घेतले, बैठकीत सगळ्यांच्या हातात दिले. पाटा जादा क्रेट भरल्यानेच तुटला, हे तेव्हा कुठे आम्ही कबूल केलं. आता क्रेट मोजूनच चढतात.