मेंदूतील अर्बुद आणि त्याच्या भोवतालची भूमी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संमेलनाचा प्रसंग आनंदाचा. अशा वेळी कर्करोगासारखा विषय घेऊन उभे राहणे कित्येकांना अप्रशस्त वाटेल. परंतु आपल्या वैद्यकीय साहाय्यनिधीकडे येणाऱ्या अर्जांत मेंदूच्या एका विशिष्ट गाठीचे नाव अधूनमधून येते, आणि त्या अर्जाबरोबर येणारी माणसे दोन प्रश्न हमखास विचारतात. त्यांची उत्तरे एकेकट्याला सांगण्यापेक्षा सर्वांसमोर एकदा नीट मांडावीत, असे चिटणीसांनी सुचविले. पहिला प्रश्न: “गाठीला सुरी लावली म्हणूनच ती भडकली ना?” दुसरा: “डॉक्टर म्हणाले गाठ सगळी निघाली, मग ती परत आली कशी?” या दोन प्रश्नांपायी सख्ख्या भावांनी एकमेकांशी बोलणे टाकलेले मी पाहिले आहे. शस्त्रक्रियेला संमती देणारा जन्मभर अपराधी ठरतो, आणि ते अगदी विनाकारण.

या गाठीचे नाव ग्लायोब्लास्टोमा. मेंदूतील मज्जापेशींना आधार देणाऱ्या ग्लिया नावाच्या पेशींच्या कुळातले हे अर्बुद होय. प्रौढांच्या मेंदूतच उद्भवणाऱ्या घातक अर्बुदांत ते सर्वांत अधिक आढळते. तरीही पाश्चात्त्य देशांतील नोंदींप्रमाणे त्याचे प्रमाण वर्षाला लाखात तीन माणसांच्या आसपास आहे. ते सांसर्गिक नाही. काही विरळा आनुवंशिक विकार असलेली थोडी घराणी सोडली, तर ते पिढीजातही नाही. स्थळ पाहताना “त्यांच्या घरात डोक्याचा कॅन्सर झाला होता” अशी कुजबूज आपल्यात चालते, म्हणून हे मुद्दाम सांगितले. त्या कुजबुजीला शास्त्राचा आधार नाही.

आता मूळ विषयाकडे वळतो. १८८९ साली स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यविशारदाने स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या. हा रोग शरीरात वाटेल तेथे पसरत नाही, काही अवयवांतच तो वारंवार रुजतो, असे त्याला दिसून आले. बियाणे चहूकडे उधळले जाते, पण उगवते ते अनुकूल जमिनीतच, असा त्याच्या म्हणण्याचा आशय. हा विचार शेतकऱ्याच्या मुलाला शिकवावा लागत नाही. वाफसा नसेल तर उत्तम बियाणेही वाया जाते, हे त्याला ठाऊक असते. वैद्यकाने मात्र पुढे कित्येक दशके बियाण्याचाच विचार केला आणि जमिनीकडे पुरेसे लक्ष दिले नाही. ग्लायोब्लास्टोमाच्या बाबतीत ती उणीव फार महाग पडली. कारण मेंदूची जमीन शरीरातील इतर कोणत्याही जमिनीसारखी नाही.

काळ्या रानात हराळी माजली की शेतकरी काय करतो, ते आठवावे. वरचे गवत तो कापतो, दिसतील तेवढ्या काशा खणून काढतो, आणि रान स्वच्छ झाले असे म्हणतो. पण मातीत राहिलेला बोटभर तुकडाही पुन्हा फुटतो. ग्लायोब्लास्टोमाची रीत हीच. १९२८ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे वॉल्टर डँडी या प्रख्यात शल्यविशारदाने अशा काही रुग्णांच्या मेंदूचा उजवा अर्धगोल संपूर्ण काढून टाकला. याहून मोठी खणणी कल्पनेत येणार नाही. तरीही रोग हटला नाही. पुढच्या दशकात शेरर या विकृतिविज्ञानवेत्त्याने सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिले की, या पेशी रक्तवाहिन्यांच्या कडेने, मज्जातंतूंच्या जुडग्यांवरून आणि मेंदूच्या पृष्ठभागाखालून सरकत जातात. वाट त्या स्वतः पाडत नाहीत. मेंदूने आपल्या कामासाठी घातलेल्या वाटाच त्या वापरतात.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. शल्यविशारद “सगळी निघाली” म्हणतो, तेव्हा डोळ्यांना आणि एम्आर्आय्च्या चित्रात दिसणारी सगळी, एवढाच त्याचा अर्थ. तो खोटे बोलत नाही. आपण त्याच्या वाक्याचा अर्थ अधिक घेतो. (अर्थात हे त्याने आधीच स्पष्ट करावे, ही अपेक्षा रास्त आहे.) परतणारी गाठ बहुधा जुन्या जागेपासून दोन सेंटिमीटरच्या आतच उगवते, कारण काशा तेथे सर्वांत दाट राहिलेल्या असतात.

पहिल्या प्रश्नाविषयीही आडपडदा न ठेवता सांगतो. शस्त्रक्रियेच्या जखमेभोवती जो दाह होतो, तो उरलेल्या पेशींना काही अंशी पोषक ठरू शकतो, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. परंतु गाठ तशीच ठेवली तर बहुतेक रुग्ण थोड्या महिन्यांचेच सोबती असतात, आणि सुखरूप काढता येईल तेवढी काढल्याने आयुष्य वाढते, हा अनुभव सर्वत्र आहे. शिवाय तुकडा तपासल्याखेरीज निदानही पक्के होत नाही. तेव्हा संमती देणाऱ्याने घात केला, हे म्हणणे सोडून द्यावे.

मग उरलेल्या पेशी औषधाने का मरत नाहीत? मेंदूला एक कोट आहे. १८८५ साली पॉल एर्लिख याने प्राण्यांच्या रक्तात रंग सोडले, तेव्हा इतर अवयव रंगले आणि मेंदू कोराच राहिला. १९१३ मध्ये त्याचाच शिष्य गोल्डमान याने रंग मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला. तेव्हा मेंदू रंगला, बाकीचे शरीर कोरे राहिले. विषापासून मेंदूचे रक्षण करणारी ही तटबंदी औषधांनाही अडवते. गाठीच्या मध्यभागी रक्तवाहिन्या गळक्या असल्याने औषध थोडे पोचते. पण कडेला, निरोगी दिसणाऱ्या भागात जेथे पेशी दडलेल्या असतात, तेथे तट शाबूत असतो. शत्रूला आपल्याच किल्ल्याचा आसरा मिळतो, तो असा. टेमोझोलोमाइड हे औषध हा तट काही प्रमाणात ओलांडते. २००५ साली युरोप व कॅनडातील ५७३ रुग्णांच्या चाचणीत, केवळ किरणोपचार घेणाऱ्यांचे मध्यमान आयुर्मान १२.१ महिने, तर सोबत हे औषध घेणाऱ्यांचे १४.६ महिने भरले. वाढ अडीच महिन्यांची. ऐकून मन खट्टू होते. परंतु दोन वर्षे जगलेल्यांचे प्रमाण शेकडा १०.४ वरून २६.५ वर गेले, हा आकडा मी कुटुंबीयांना आवर्जून सांगतो. मध्यमान म्हणजे मुदत नव्हे. निम्मे रुग्ण त्याच्या पुढे जातात.

दुसरी गोष्ट पहारेकऱ्यांची. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या रक्षक पेशी असतात, आणि रक्तातूनही तशाच भक्षक पेशी गाठीत शिरतात. काही गाठींत त्यांचा वाटा एकूण पेशींच्या एकतृतीयांशाहून अधिक भरतो. म्हणजे आपण जिला गाठ म्हणतो, तिचा मोठा हिस्सा मूळचा आपल्याच पक्षाचा! पण अर्बुद त्यांना असे काही वश करते की त्या चोराला शिधा पुरवू लागतात आणि बाहेरून येणाऱ्या लढाऊ पेशींना थोपवितात. प्रतिकारशक्तीवरील लगाम सोडविणाऱ्या औषधांनी त्वचेच्या मेलॅनोमात मोठे यश मिळविले. त्या संशोधनाला २०१८ चे नोबेल पारितोषिकही मिळाले. तेच निव्होलुमॅब परतलेल्या ग्लायोब्लास्टोमावर वापरले, तेव्हा आयुर्मान वाढले नाही, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. बियाणे मारण्याचा उपाय एका रानात चालला, दुसऱ्यात नाही. हे औषध अत्यंत महाग आहे. त्यासाठी दागिने मोडावेत का, असे विचारणाऱ्यांनी ही चाचणी ध्यानात घ्यावी.

गाठीभोवतीच्या सुजेचा उल्लेख राहून चालणार नाही. १९६१ पासून या सुजेवर डेक्सामेथासोन वापरात आहे. बोलता न येणारा रुग्ण दोन दिवसांत बोलू लागतो आणि घरात पेढे वाटले जातात. ओसरते ती भोवतालची सूज. अर्बुद जागच्या जागी असते. हे स्टेरॉइड प्रतिकारशक्तीलाही दाबून टाकते, साखर वाढवते, स्नायू क्षीण करते. म्हणून डॉक्टर मात्रा कमी करण्याच्या मागे असतात. ती मात्रा घरच्या घरी वाढवू नये, आणि एकाएकी बंद तर मुळीच करू नये. बेव्हॅसिझुमॅबचेही काहीसे असेच आहे. नव्या रक्तवाहिन्या रोखणाऱ्या या औषधाने सूज उतरते, चित्र सुधारते, रोग वाढण्यास काही महिने विलंब होतो. परंतु २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत एकंदर आयुष्य वाढलेले दिसले नाही. त्याचा उपयोग आरामासाठी आहे, आणि आरामही लहान गोष्ट नव्हे. पण काय विकत घेतो आहोत, हे घेणाऱ्याला ठाऊक असावे.

सर्वांत विलक्षण शोध २०१९ सालचा. अमेरिकेतील स्टॅनफर्ड आणि जर्मनीतील हायडेलबर्ग येथील संशोधकांनी स्वतंत्रपणे दाखविले की, मज्जापेशी या अर्बुदाच्या पेशींशी प्रत्यक्ष जोडण्या करतात. जशा त्या आपापसांत करतात, तशाच. विचार, स्मरण, हालचाल यांसाठी मेंदूत जे विद्युत्संदेश धावतात, त्यांवर अर्बुद पोसले जाते. हायडेलबर्गच्याच मंडळींनी २०१५ मध्ये, अर्बुदपेशी लांब तंतूंनी एकमेकींना जोडलेल्या असतात आणि त्या जाळ्यामुळे किरणोपचारही सोसतात, असे दाखविले होते. आता ही जोडणी तोडण्यासाठी अपस्माराच्या पेरॅम्पॅनेल या औषधाच्या चाचण्या हाती घेतल्या आहेत. अशी बातमी वाचून फिटांचे औषध मनाने सुरू करणारे महाभाग आपल्यात आहेत, म्हणून बजावतो: चाचणी म्हणजे उपचार नव्हे.

२०२४ साली बोस्टन येथे तीन रुग्णांच्या मेंदूद्रवात, त्यांच्याच शरीरातील लढाऊ पेशी प्रयोगशाळेत सिद्ध करून सोडल्या. काही दिवसांतच गाठी झपाट्याने आकसल्या. मात्र दोघांत त्या लवकरच पुन्हा वाढू लागल्या. तट ओलांडता येतो, एवढे त्यातून कळले. ओलांडल्यावर तेथे टिकावे कसे, हा प्रश्न पुन्हा जमिनीचाच.

निधीच्या समितीपुढे मी एक सूचना ठेवली आहे. हमखास गुण देण्याची जाहिरात करणाऱ्या उपचारांसाठी साहाय्य देऊ नये. शस्त्रक्रिया, किरणोपचार, टेमोझोलोमाइड, आणि शेवटच्या काळातील घरची शुश्रूषा यांसाठी मात्र हात आखडता घेऊ नये. रात्रपाळीला बसणाऱ्या मदतनिसाचा खर्च आजवर नियमांत बसत नव्हता, तो बसवावा. विश्वस्त यावर पुढील बैठकीत निर्णय घेतील. प्रश्नांसाठी चिटणीसांनी अर्धा तास राखून ठेवला आहे. ज्यांना सर्वांसमोर विचारणे अवघड वाटते, त्यांनी भोजनानंतर मला वाचनालयाच्या खोलीत भेटावे. मी सायंकाळपर्यंत तेथेच आहे.